आमच्या बैठकीचा दांडा

मनुष्याच्या आयुष्यांत बैठकीला मोठें महत्त्व आहे. गवयाची बैठक जमली नाहीं तर गाणें रंगत नाहीं; पंडिताची बैठक पक्की नसली तर ग्रंथ तडीस जात नाहीं; आणि लग्नाच्या बोलण्याची बैठक पहिल्याच दिवशीं मोडली तर मागून कितीही निरोप धाडले तरी ती पुन्हां भरत नाहीं. आज आम्ही ज्या बैठकीविषयीं लिहावयास बसलों आहोंत ती या सर्वांहून लहान व नम्र अशी, सायकलवरची बैठक आहे. आणि खरें सांगावयाचें तर तिच्याविषयींही नव्हे, तर तिला खालून तोलून धरणाऱ्या दीड वीत लांबीच्या दांड्याविषयीं आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत. दुकानांत त्यास सीटपोस्ट म्हणतात. बसणाऱ्याचा बहुतेक भार या एका दांड्यावर असतो, आणि चालत्या सायकलवर बसणाऱ्याला नेमका तोच दिसत नाहीं.

आमचें सारें आयुष्य पुण्यांत गेलें. आम्ही कॉलेजांत होतों तेव्हां पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, आणि सकाळच्या वेळीं लक्ष्मी रस्त्यावरून सायकलींचा लोंढा वाहत असे. त्या काळीं आमच्या सायकलीचा दांडा पोलादी होता. तो गंजला तर त्याला तेलाचे दोन थेंब मिळत. हलला तर नाक्यावरचा कारागीर अंगांतल्या सर्व बळानें नट आवळी. आणि तरीही हलला तर हातोडीचे दोन ठोके देई. एवढ्यावर त्याचें व आमचें वर्षानुवर्षें निभावून गेलें. दांडा ही विचार करण्याजोगी वस्तु आहे असें इतक्या वर्षांत एकदांही आमच्या मनांत आलें नाहीं.

२०१८ सालीं आम्ही सेवानिवृत्त झालों आणि गिअर असलेली, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची हलकी सायकल घेतली. रविवारीं पहांटे कधीं कात्रजचा जुना घाट, कधीं खडकवासल्याचें धरण, अशी तीन वर्षें मोठ्या सुखाचीं गेलीं. २०२१ च्या पावसाळ्यांत मात्र आमच्या कंबरेनें असहकार पुकारला. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, मणक्यांची झीज वयोमानास धरूनच आहे. सायकल सोडावयास नको, परंतु धक्के कमी बसतील असें पाहा. पुण्यांतल्या रस्त्यांचे धक्के कमी करणें आपल्या हातीं नसल्यामुळें सौभाग्यवतींनीं या सल्ल्याचा सरळ अर्थ 'सायकल विकावी' असा लावला. साठीच्या घरांत आलेल्या मनुष्याजवळ स्वतःच्या अशा फार गोष्टी उरलेल्या नसतात. पहांटेची ती दोन तासांची वाट आमची होती, आणि ती गेली तर तिच्या जागीं दुसरें काय ठेवावें हें आम्हांस सुचेना. अशा मनःस्थितींत आमच्या रविवारच्या मेळाव्यांतला एक तरुण म्हणाला, "काका, सीटपोस्ट कार्बनचा लावून बघा. कंबरेला फरक पडेल."

कार्बन म्हणजे कोळसा, एवढेंच आमचें शाळेंतलें ज्ञान. कोळशाच्या दांड्यावर बसावयाचें ही कल्पना ऐकून सौभाग्यवती हंसल्या, आणि आम्हीही थोडेसे हंसलों. परंतु शोध घेतां कळलें कीं ही थट्टा अगदींच चुकीची नव्हती. कोळशाच्या भट्टींत लांकूड रचून वरून माती लिंपतात. आंत पुरेशी हवा न मिळाल्यानें लांकडाची राख होत नाहीं, तर त्यांतील इतर द्रव्यें निघून जाऊन कार्बन तेवढा मागें राहतो. कार्बनच्या तंतूची जातकुळी हीच. एडिसननें १८७९ सालीं कापसाच्या सुताचा असा कोळसा करून तो विजेच्या दिव्यांत उजळविला व पुढच्या वर्षीं बांबूच्या तंतूचा केला. पण ते तंतु प्रकाश देण्यापुरतेच होते, भार सोसण्याचे नव्हते. भार सोसणारा तंतु निघण्यास पुढें ऐंशी वर्षें लागलीं. जपानांत अकिओ शिंदो यांनीं १९६१ च्या सुमारास पॉलिॲक्रिलोनायट्राइल नांवाच्या कृत्रिम धाग्यापासून कार्बनचा तंतु तयार केला. इंग्लंडांत फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेनें त्याच दशकांत त्याचें बळ वाढविलें. आणि १९७१ सालीं जपानच्या तोरे कंपनीनें तो विक्रीसाठीं काढण्यास सुरुवात केली. विमानें, मासे धरण्याचे गळ, टेनिसच्या रॅकेटी असा प्रवास करीत तो सायकलीपर्यंत आला.

हा तंतु पांच ते सात मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या सुमारें दहाव्या हिश्शाचा असतो. असे हजारों तंतु शेजारीं शेजारीं निजवून राळेंत भिजविलेली पट्टी करतात, आणि तशा पट्ट्यांचे थर निरनिराळ्या कोनांत एकमेकांवर गुंडाळून, साच्यांत दाबून व तापवून त्यांची नळी बनवितात. तंतूच्या लांबीच्या दिशेनें तो पोलादाला हार जात नाहीं. आडव्या दाबापुढें मात्र त्याचें फारसें चालत नाहीं. बांबूचा वासा घराचें छप्पर तोलून धरतो, पण तोच पकडींत घालून आवळला तर उभा चिरतो. हा दृष्टांत आम्ही त्या वेळीं मोठ्या कौतुकानें घरांत सर्वांस ऐकविला होता. तो आमच्याच अंगावर येणार आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

दांडा निवडण्याचें काम स्थळ पाहण्यासारखेंच निघालें. प्रथम पत्रिका, म्हणजे व्यास. २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटर हे आज विशेष चालणारे व्यास आहेत. आमच्या जुन्या दांड्याच्या खालच्या टोकाशीं २७.२ हा आंकडा कोरलेला सांपडला. बाजारांत २७.० चाही दांडा मिळतो. दोन दशांश मिलिमीटर म्हणजे वहीच्या दोन कागदांची जाडी. परंतु एवढ्या फरकानें ठरलेलें लग्न मोडतें. बारीक दांडा नळींत घसरतो, आणि तो घसरूं नये म्हणून आवळावा तर चिरडतो. पत्रिका जुळल्यावर उंची. दांड्यावर एक आडवी रेघ व तिच्याशीं 'येथपर्यंत आंत असलाच पाहिजे' अशी सूचना छापलेली असते. ती रेघ बाहेर दिसूं लागली तर समजावें कीं दांडा आपल्याला पुरत नाहीं. मग मान सरळ कीं मागें कललेली हें पाहावयाचें. आमची बसण्याची जागा ठरून गेलेली असल्यामुळें जुन्यासारखीच, दोन सेंटिमीटर मागें कललेली मान आम्ही घेतली. शेवटीं बैठकीखालचे दोन रूळ. धातूचे रूळ सात मिलिमीटर जाडीचे व गोल असतात, तर कार्बनचे रूळ बहुधा उभट असून त्यांची उंची नऊ मिलिमीटरांच्या आसपास असते. एकाची पकड दुसऱ्यास चालेलच असें नाहीं. आमचे रूळ साधे गोल निघाले, आणि एवढ्या बाबतींत तरी आमचें साधेपण उपयोगी पडलें. नांवाजलेल्या कारखान्यांचा छाप मारून नकली दांडे विकणारेही आहेत असें कळल्यामुळें आम्ही स्वस्ताईच्या नादीं लागलों नाहीं. सहा हजारांच्या घरांत रक्कम गेली, आणि ती घरांत सांगतांना आम्ही 'घरांत' या शब्दावर थोडा अधिक भर दिला.

दांडा आला तो दिवस आम्हांस आठवतो. स्वयंपाकघरांतला कांटा काढून आम्ही दोन्ही दांडे तोलले. जुना २८७ ग्रॅम, नवा २०१ ग्रॅम. "म्हणजे शहाऐंशी ग्रॅमसाठीं सहा हजार!" सौभाग्यवती म्हणाल्या. "गणपतींत दोन मोदक कमी खाल्ले असते तरी एवढें वजन उतरलें असतें." हिशेब बिनचूक होता. परंतु आम्ही दांडा घेतला तो वजनासाठीं नव्हे, तो लवावा म्हणून. आणि लवण्याचें गणित निराळें आहे. नळीची जाडी तीच ठेवून व्यास वाढविला तर तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणून ३१.६ चा दांडा २७.२ च्या दांड्यापेक्षां दीडपटीहूनही अधिक ताठ असतो. उलट, दांडा सांगाड्याबाहेर जितका अधिक उघडा असेल तितका तो अधिक लवतो, आणि तेंही लांबीच्या घनाच्या प्रमाणांत. दुप्पट उघडा दांडा आठपट लवतो. तेव्हां ज्याचा दांडा जाड आहे किंवा जेमतेम चार बोटें बाहेर आहे त्यानें कार्बनसाठीं पैसे घातले तर त्याच्या कंबरेला त्याचा पत्ताही लागावयाचा नाहीं. आमचा दांडा बारीक होता व चांगला वीतभर बाहेर होता, म्हणून आशेला जागा होती.

आतां आमच्या अपराधाची कथा. दांडा आम्ही घरींच बसविला. चाळीस वर्षांच्या संवयीप्रमाणें आम्ही त्याला भरपूर वंगण चोपडलें. कार्बनच्या दांड्याला वंगण लावावयाचें नसतें. त्यासाठीं एक निराळा लेप मिळतो, ज्यांत दंतमंजनांतल्यासारखे बारीक कण असतात. ते कण दांडा व नळी यांच्यामध्यें अडून राहतात, म्हणून थोड्या आवळण्यानेंही दांडा घसरत नाहीं. आमचा वंगण लावलेला दांडा पहिल्याच रविवारीं कात्रजच्या चढावर हळूहळू खालीं बसूं लागला. घाटमाथ्यावर पोंचेपर्यंत आम्ही बोटभर बुटके झालों होतों, आणि आमचे गुडघे आमच्याच पोटाकडे येऊं लागले होते. घरीं येऊन आम्ही ॲलन पाना घेतला, आणि जसा तो नाक्यावरचा कारागीर घेई तसा अंगांतला सर्व जोर घेऊन तो स्क्रू आवळला. वर आणखी अर्धा फेरा दिला. दांडा पुन्हां घसरला नाहीं. या विजयाचें आम्हांस मोठें समाधान वाटलें.

दांड्याच्या गळ्याशीं जें कडें असतें त्यावर '५ न्यूटन-मीटर' असें बारीक अक्षरांत छापलेलें होतें. तें आम्ही वाचलें होतें. वाचून सोडून दिलें होतें. पांच न्यूटन-मीटर म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशीं अडीच किलोचें वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. भाजीच्या पिशवीएवढा हा भार आहे. त्याला मर्दुमकी लागत नाहीं. आम्ही त्या दिवशीं त्याच्या तिपटीनें तरी पीळ दिला असला पाहिजे.

पुढचीं दोन वर्षें सुखाचीं गेलीं हें कबूल केलें पाहिजे. रस्त्यावरची ती बारीक थरथर, जी मणक्यांतून वर चढून दांतांपर्यंत येई, ती बोथट झाली. खड्डा खड्डाच राहिला. कार्बनचा दांडा खड्डा बुजवीत नाहीं. त्याच महिन्यांत आम्ही पंचवीस मिलिमीटरांचे टायर काढून बत्तीसचे बसविले होते आणि त्यांत हवाही कमी ठेवीत होतों, हेंही येथें सांगितलें पाहिजे. कारण बरें वाटल्याचें सर्व श्रेय आम्ही सहा हजारांच्या दांड्यास देत होतों, आणि त्यांतला मोठा वांटा टायरांतल्या फुकटच्या हवेचा होता. डनलॉपनें १८८८ सालीं हवेचें चाक काढलें तेव्हांपासून सायकलवाल्याचें खरें सुख त्या हवेंतच आहे. असो. कंबर सुधारली, सायकल घरांत राहिली, आणि आमची पहांट आमच्याकडे राहिली.

२०२३ च्या दिवाळीनंतर सायकलीतून एक आवाज येऊं लागला. टिक् असा, कोरडा, चढावर जोर लावला कीं येणारा. आम्ही पेडलला तेल दिलें, आवाज राहिला. साखळी धुतली, राहिला. बैठकीचे स्क्रू पाहिले; ते जागच्या जागीं होते. शेवटीं, वयाबरोबर आपल्या गुडघ्यांचाही असाच आवाज येतो, तेव्हां सायकलीनें तरी कां गप्प राहावें, असा वेदांत करून आम्ही तो सोडून दिला. दांड्याचा संशय आम्हांस एकदांही आला नाहीं. तो इतका घट्ट होता!

२०२४ च्या जानेवारींत आमची कन्या बंगळूराहून आठ दिवसांसाठीं आली. तिची स्वतःची सायकल तिकडे. येथील दोघी मैत्रिणींबरोबर शनिवारीं पांचगणीस जाऊन रविवारीं परत यावयाचें असा तिचा बेत ठरला, आणि तिनें आमची सायकल मागितली. पुणें ते पांचगणी सुमारें शंभर किलोमीटर. वाटेंत खंबाटकीचा घाट, आणि वाईनंतर पसरणीचा. येतांना तोच पसरणीचा घाट उतरावयाचा. आम्हीं आनंदानें होकार दिला, व सायकल अगदीं ठाकठीक आहे, दांडा तर पहाडासारखा घट्ट आहे, असेंही सांगितलें.

शुक्रवारीं संध्याकाळीं ती गॅलरींत सायकल घेऊन बसली. तिचे पाय आमच्याहून किंचित् लांब, म्हणून दांडा दीड सेंटिमीटर वर करावयाचा होता. तेवढें करून ती थांबली असती तर हा लेख आम्ही कोणत्या हातानें लिहिला असता हें सांगवत नाहीं. परंतु लांबच्या प्रवासाआधीं दांडा पूर्ण बाहेर काढून, पुसून, लेप लावून पुन्हां बसविण्याची तिची रीत होती. स्क्रू सैल करतांना तिला दोन्ही हात लावावे लागले.

"बाबा, हा शेवटचा केव्हां काढला होतात?"

"बसविल्यापासून काढलाच नाहीं. चांगला घट्ट आहे ना?"

"घट्ट होता तें दिसतेंच आहे," ती म्हणाली. आणि मग बराच वेळ कांहींच बोलली नाहीं.

दांडा बाहेर आला तेव्हां त्यावर वाळलेल्या वंगणाचा काळा थर होता. तो पुसल्यावर, जेथें कडें बसत असे त्या जागीं, केसासारखी एक रेघ दिसली. आम्हांस वाटलें कीं ती ओरखडा आहे. तिनें नख फिरविलें, नख अडलें. मग तिनें पर्समधून एक नाणें काढलें व दांड्यावर वरपासून खालपर्यंत हलके हलके टिचक्या मारीत आली. वर आवाज खणखणीत, कांचेच्या पेल्यासारखा. रेघेशीं येतांच तो बद्द झाला, तडकलेल्या मडक्यासारखा. पुढें गेल्यावर पुन्हां खणखणीत. तीन वेळां तिनें तें केलें, आणि तीनही वेळां मडकें त्याच जागीं बोललें. ती रेघ दांड्याभोंवतीं अर्ध्याहून अधिक फिरलेली होती.

"कांहीं आवाज येत होता का?" तिनें विचारलें.

आम्ही 'दोन महिने' असें उत्तर दिलें, आणि तें देतांना आमचा स्वरही त्या जागेसारखाच बद्द झाला.

तिनें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तिनें दिला असता तर बरें झालें असतें. तिनें फक्त माळ्यावर काय काय आहे असें विचारलें. तेथें वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेला २८७ ग्रॅमचा जुना दांडा सांपडला. तो तिनें बसविला, तिच्या पिशवींतल्या टॉर्क पान्यानें आवळला, 'टक्' असा पान्याचा इशारा होतांच हात काढून घेतला, आणि ती झोपावयास गेली. दुसऱ्या दिवशीं पहांटे ती निघाली. आम्ही दार लावून गॅलरींत येऊन बसलों. समोर तो तडकलेला दांडा पडला होता. त्यावर बसून आम्ही स्वतः किती घाट उतरलों याची मोजदाद आमच्या मनांत येईना. मनांत येत होतीं तीं पसरणीचीं वळणें, एकामागून एक. शनिवारीं व रविवारीं मिळून तिचे चार फोन आले, आणि ते चारही आम्ही पहिल्या घंटेसरशीं घेतले. रविवारीं दिवेलागणीला ती परत आली, उन्हानें लाल झालेली व भुकेलेली. सौभाग्यवतींनीं पिठलें-भात केला. त्यांना रेघेची हकीकत आम्ही त्यानंतर सांगितली.

त्या दोन दिवसांत आम्ही जो विचार केला तो असा. जुना धातूचा दांडा बिघडतो तेव्हां पुष्कळदां आधीं वाकतो. त्याचें वाकणें डोळ्यांस दिसतें, आणि वाकलेला मनुष्य जसा सांभाळून घ्यावा तसा त्याला सांभाळून घेतां येतें. कार्बनचा दांडा वाकून दाखवीत नाहीं. त्याच्या थरांत आंतल्या आंत फांट पडते, वरचा चकचकीत मुलामा तसाच राहतो, आणि तो सोसतो, सोसतो, व एके दिवशीं एकदम तुटतो. तत्पूर्वीं तो एखादाच बारीक आवाज करतो, आणि त्या आवाजाला पेडलचें तेल देणारा आमच्यासारखा मालक त्याला भेटतो. वस्तु दुबळी नव्हती. ती आमच्या भारासाठींच केलेली होती. तिच्यावर तिला न सोसणारा भार घातला तो आमच्या पान्यानें. 'घट्ट' आणि 'पक्कें' हे दोन शब्द आम्ही जन्मभर एकाच अर्थानें वापरीत आलों, आणि ते एक नाहींत. पक्कें म्हणजे योग्य मापानें धरलेलें; माप सुटलें कीं तेंच धरणें चिरडणें होतें. हें ज्ञान होण्यास साठ वर्षें व सहा हजार रुपये लागले. याहून महाग पडलें असतें.

त्या तडकलेल्या दांड्याचें काय करावें हा प्रश्न उरला. ती रेघ कड्याखालीं झांकली जात असल्यामुळें बसविलेल्या सायकलींत ती कोणास दिसली नसती. जपून वापरूं, घाटांत नेणार नाहीं, असाही एक मोह आमच्या मनांत डोकावून गेला. सहा हजार ही रक्कम मनुष्यास नाना युक्तिवाद सुचविते. म्हणून सोमवारीं सकाळीं आम्ही बारीक दातांची करवत घेतली, नाकातोंडास फडकें बांधलें (कारण कार्बनची धूळ श्वासांत जाऊं देऊं नये), आणि त्या रेघेवरूनच त्याचे दोन तुकडे केले. वरचा तुकडा कचऱ्यांत गेला. खालचा गॅलरींतल्या खिळ्याला टांगला आहे. तो शोभेसाठीं नाहीं.

आम्ही पुन्हां कार्बनचाच दांडा घेतला हें ऐकून कित्येकांस आश्चर्य वाटलें. परंतु चूक दांड्याची नव्हती, आणि कंबर अजून आमचीच आहे. या वेळीं दांड्याबरोबर टॉर्क पाना व लेपाची नळीही घेतली. वास्तविक या दोन वस्तु दांड्याच्या किंमतीतच धरून चालावें. आतां दांडा पुसून, लेप लावून, छापलेल्या आंकड्यापर्यंतच आवळतों, आणि पान्यानें 'टक्' म्हटलें कीं थांबतों. हात आणखी अर्धा फेरा मागतो. जुनी संवय आहे, मागतच राहणार. उंचीच्या जागीं पांढऱ्या फितीची खूण केली आहे, म्हणजे दांडा घसरला तर तो वर्ष लपवून ठेवूं शकत नाहीं. सायकल दुरुस्तीच्या घोडीवर टांगतांना या दांड्यास पकडीत धरूं देत नाहीं. पडझड झाली तर प्रथम दांडा पाहतों. पावसाळ्यापूर्वीं एकदां व दिवाळीनंतर एकदां तो पूर्ण बाहेर काढतों, नख फिरवितों, नाणें वाजवितों. हें बाहेर काढणें ॲल्युमिनियमच्या सांगाड्यांत विशेष अगत्याचें आहे. कारण कार्बन व ॲल्युमिनियम यांच्यामध्यें घामाचें किंवा पावसाचें पाणी शिरलें कीं विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजतें, त्याची पांढरी भुकटी फुगते, आणि दांडा नळींत जन्माचा अडकतो. अलिबागेच्या आमच्या एका स्नेह्यांचा दांडा समुद्राच्या खाऱ्या हवेंत तीन वर्षें न काढल्यामुळें असाच बसला. तो काढतां काढतां शेवटीं सांगाडाही गेला.

कोणी आम्हांस विचारतो, "मग आम्हीं घ्यावा का हो?" आम्ही सांगतों कीं, आधीं बैठकीची उंची नीट लावून घ्या, तिला कांहीं खर्च नाहीं. मग टायर रुंद करून हवा कमी करून पाहा. तिला थोडा खर्च आहे. तरीही पाठ कुरकुर करीत असेल, दांडा बारीक असेल, वीतभर बाहेर असेल, आणि वर्षांतून दोनदां त्याची चौकशी करण्याचा धीर असेल, तर अवश्य घ्या. ज्याला वस्तु एकदां बसवून विसरून जावयाची आहे त्यानें धातूचा दांडा वापरावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

कन्या बंगळुरास परत गेली त्यास आतां बराच काळ लोटला. पूर्वीं ती फोनवर आमच्या प्रकृतीची चौकशी करी, अजूनही करते. पण मिरग जवळ आला, आणि पुन्हां दिवाळीचे कंदील उतरले, कीं फोन ठेवतां ठेवतां ती एक प्रश्न हमखास विचारते, "बाबा, दांडा काढला होतात का?" आम्ही 'हो' म्हणतों. मग ती क्षणभर थांबते, आणि आम्ही नाणें घेऊन गॅलरींत जातों व फोन दांड्याजवळ धरून तिला तो वरपासून खालपर्यंत वाजवून दाखवितों.